भुईखालची गाडी आणि भुईवरची झाडे

खानापूर तालुक्यातील आमच्या लहानशा गावी पूर्वी बस यावयाची ती दीड मैलावरील फाट्यापर्यंत. पुढे रस्ता होता. परंतु गावाच्या तोंडाशी जे वळण होते त्या वळणावर एक जुना रायवळ आंबा उभा होता. त्याच्या बुंध्याला वळसा घालून बैलगाडी जात असे, बस जात नसे. आजारी माणसाला बाजेवर घालून फाट्यापर्यंत न्यावे लागे. १९९८ सालच्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला असेच नेत असता वाटेतच तिचे मूल गेले, आणि मग आंबा पाडावयाचा की राखावयाचा हा प्रश्न गावापुढे उभा राहिला.

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात सभा भरली. ख्रिस्ती होते तसे गावातील इतरही सारे आले होते, कारण त्या झाडाचे आंबे सर्वांनीच खाल्लेले होते. दोन रविवार वाद चालला. शेवटी पाडावयाचे ठरले. माझे वडील तेव्हा हयात होते. ते उठून एवढेच म्हणाले, "पाडायचा तर पाडा. पण फळे उतरल्यावर पाडा, दिवसाउजेडी पाडा, आणि सगळेजण समोर उभे राहा." तसेच झाले. पुढील वर्षीच्या मे अखेरीस शेवटची फळे उतरवून झाली, आणि एका सकाळी सारे गाव उन्हात उभे असता आंबा आडवा झाला. बायका रडल्या, पुरुषांपैकीही काहींनी तोंडे फिरविली. बदल्यात आम्ही दहा रोपे लावली. त्यांपैकी चार गुरांनी खाल्ली, दोन उन्हाने गेली, एक कशाने गेले ते कळलेच नाही. तीन मात्र आज फळतात. बसही त्या वर्षापासून गावात येते.

हा आंबा मनात घेऊनच मी नुकताच मुंबईस जाऊन आलो.

माझी भाची अंधेरीपलीकडे मरोळ येथे राहते. तिच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा होता. बेळगावहून संध्याकाळच्या गाडीत बसलो तो पहाटे दादरला उतरलो. बाप्तिस्मा यथासांग पार पडला, त्याचे वर्णन येथे करीत नाही. परंतु मुंबईस जाण्यात माझा आणखीही एक हेतू होता. १९६४ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईस अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्ट परिषद भरली होती आणि पोप सहावे पॉल स्वतः तेथे आले होते, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. पोपमहोदयांचे पाऊल भारतभूमीला लागले ते त्या वेळी पहिल्यांदाच. आमच्या गावचे सहा जण पुण्याला गाडी बदलून मुंबईस गेले; त्यांत माझे वडील होते. पोपमहोदय त्यांना फार दुरून, नखाएवढे दिसले. ते दर्शन त्यांना जन्मभर पुरले हे खरेच. परंतु चर्चगेटजवळच्या रस्त्यावरील ज्या झाडाखाली बसून सहाही जणांनी भाकऱ्यांचे गाठोडे सोडले, त्या झाडाचे वर्णन ते त्याहून अधिक रंगून करीत. आमच्या चर्चच्या साऱ्या अंगणाला मांडव पुरेल एवढी त्याची सावली होती म्हणे. आणि संध्याकाळ होताच त्याची पाने आपोआप जोडीजोडीने मिटली, जणू तेही प्रार्थनेला बसले. या खुणेवरून तो पर्जन्यवृक्ष असला पाहिजे. विलायती शिरीष म्हणतात तोच. मूळचा हा दक्षिण अमेरिकेकडील. पण मुंबईच्या कित्येक रस्त्यांवर आपली छत्री धरून तो पिढ्यान् पिढ्या उभा राहिला आहे.

ते झाड पाहावे, निदान तो रस्ता तरी पाहावा, अशी माझी इच्छा होती.

जावईबापू म्हणाले, "मामा, आता तिकडे जाणे अगदी सोपे झाले आहे. येथून भुयारी गाडीत बसले की थेट चर्चगेट." भाची बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पण मामा, तुमच्या झाडाचे मात्र काही सांगता येत नाही. ती गाडी त्याच रस्त्याखालून गेली आहे."

ही जी भुयारी रेल्वे, तिला मुंबईत मेट्रोची तिसरी मार्गिका म्हणतात. उत्तरेस आरेपासून दक्षिणेस कफ परेडपर्यंत तिची लांबी साडेतेहतीस किलोमीटर आहे आणि स्थानके सत्तावीस. त्यांपैकी सव्वीस भुईच्या पोटात असून एकटे आरे तेवढे उघड्यावर आहे. तिचा पहिला टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि शेवटचा, कफ परेडपर्यंतचा, २०२५ च्या ऑक्टोबरात. गाडी जेथून निघते तेथूनच बसू, असे मी सुचविले. बाळाला आजीजवळ ठेवून आम्ही तिघे दुसऱ्या दिवशी सकाळी आरेकडे गेलो.

आरे हे नाव आपल्यातील पुष्कळांनी दुधाच्या बाटलीवरून ऐकलेले असेल. मुंबईतील गल्लीबोळांतून म्हशींचे तबेले होते. त्यांची घाण आणि दुधातील भेसळ यांना कंटाळून सरकारने १९४९ साली शहराबाहेर ही दुग्धवसाहत वसविली. दारा खुरोडी हे तिचे कर्ते पुरुष. पुढे १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीन हजारांहून अधिक एकरांच्या या जागेत गोठे बांधले गेले, कुरणे राखली गेली, आणि रस्त्यांच्या कडेने व टेकड्यांवर झाडे लावली गेली. त्या आधीपासून तेथे वारली व इतर आदिवासींचे पाडे होतेच. आजही सत्तावीस पाडे आहेत. वाघोबाला मानणारी ही माणसे बिबळ्याच्या शेजारी राहतात. बिबळ्या हा तेथील जुना रहिवासी आहे, पाहुणा नव्हे.

झाडे मोठी झाली. शहर चालत चालत त्यांच्यापर्यंत आले. आणि जी जागा शहराबाहेरची म्हणून निवडली होती ती शहराच्या ऐन मध्यावर आली.

आरे स्थानकाच्या बाहेर उभे राहिले म्हणजे एका बाजूस मोटारींचा लोंढा आणि दुसऱ्या बाजूस हिरवाई दिसते. त्या हिरवाईच्या कडेला गाड्यांचे आगर आहे. त्याला सारेजण कारशेड म्हणतात. माणसाला जसे घर लागते तसे रेल्वेच्या डब्यांना हे लागते. रात्री गाड्या येथे येतात, धुतल्या जातात, त्यांची चाके व ब्रेक तपासले जातात, आणि पहाटे त्या पुन्हा कामाला निघतात. कारशेडवाचून रेल्वे चालत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. प्रश्न होता तो जागेचा. या कामास सुमारे तेहतीस हेक्टर जमीन लागणार होती, आणि तिच्यावर झाडे उभी होती. शेजारून मिठी नदी वाहते. २००५ च्या २६ जुलैला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून याच नदीने मुंबई बुडविली होती; म्हणून तिच्या काठची झाडे काढू नयेत असेही कित्येकांचे म्हणणे होते.

२०१९ च्या २९ ऑगस्टला मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडण्यास आणि ४६१ झाडे उपटून अन्यत्र लावण्यास परवानगी दिली. लोक न्यायालयात गेले. हे जंगल आहे की नाही, यावर मोठा वाद झाला. (आपण जंगल आहोत की वसाहत, हे झाडाला स्वतःला ठाऊक नसते; ते दोन्हीकडे सारखीच सावली धरते.) ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. आणि त्याच रात्री कुऱ्हाड चालली. कुऱ्हाड म्हणावयाचे ते सवयीने. खरोखर त्या यांत्रिक करवती होत्या.

भाची त्या वेळी अविवाहित होती आणि जवळच नोकरी करीत होती. बातमी कळताच ती मैत्रिणींबरोबर तेथे गेली. पोलिसांनी रस्ता अडविला होता. "मामा," ती मला म्हणाली, "दिसत काहीच नव्हते. काळोख होता. फक्त ऐकू येत होते. आधी करवत, मग काहीच नाही, मग एकदम पडल्याचा आवाज. आम्ही मोजू लागलो, आणि मग मोजणे सोडून दिले."

दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागू झाली. एकोणतीस जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे पत्र पाठविले, आणि सुटी असताही ७ ऑक्टोबरला, सोमवारी, खास पीठ बसून पुढील तोड थांबविण्यात आली. तोपर्यंत २,१४१ झाडे पडलेली होती. वजाबाकी सोपी आहे: परवानगी मिळालेल्यांतील चव्वेचाळीस उरली होती.

आता वाचकांपैकी ज्यांच्या घरी संतांच्या सणांचे पंचांग भिंतीवर असते त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. ४ ऑक्टोबर हा असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ज्यांना सृष्टिसंवर्धनाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले तेच हे फ्रान्सिस. त्यांच्या जुन्या चरित्रांत असे सांगितले आहे की, सरपणासाठी लाकूड तोडणाऱ्या बंधूला ते बजावीत, झाड मुळापासून तोडू नकोस. त्याला पुन्हा धुमारा फुटेल एवढे राख. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, लाकूड तोडूच नकोस असे ते म्हणाले नाहीत. मठातही चूल पेटत होती आणि थंडी वाजत होती. योगायोगावर मी फारसे काही बांधू इच्छीत नाही. तो दिवस कोणी मुद्दाम निवडला नव्हता. परंतु त्या रात्री मुंबईच्या कित्येक चर्चमध्ये संत फ्रान्सिसच्या नावाने मिस्सा झालेली असेल, आणि तिला गेलेल्या कोणाच्या तरी घरी करवतीचा आवाज पोहोचला असेल, हा विचार मला तेथे उभा असताना टाळता आला नाही.

दुसरी आठवण झाली ती लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाची. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडून टाक असे मालक सांगतो, आणि माळी एका वर्षाची मुदत मागतो. मी त्याभोवती खणतो, खत घालतो, म्हणतो. माळी मालकाचा हक्क नाकारीत नाही. शेवटी तोडावे लागले तर तोडा, असेही तो म्हणतो. तो केवळ एक वर्ष मागतो. आरेमध्ये लोकांनी तरी काय मागितले होते? वरच्या न्यायालयाचे दार सोमवारी उघडेपर्यंतचा वेळ. शुक्रवारची रात्र ते सोमवारची सकाळ.

आणि ज्या गाडीसाठी ही घाई झाली ती गाडी केव्हा धावली? २०१९ च्या नोव्हेंबरात सरकार पालटले आणि कारशेडचे काम थांबले. २०२० साली ते कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, तेथे न्यायालयाने अडविले. याच सुमारास आरेतील आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून ठरविण्यात आली. २०२२ साली पुन्हा सरकार पालटले आणि कारशेड परत आरेला आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी १७७ झाडे काढू दिली, पण आधी दिलेल्या ८४ झाडांच्या परवानगीची मर्यादा ओलांडू पाहिल्याबद्दल मुंबई मेट्रो रेल महामंडळाला दहा लाख रुपये दंड केला. अखेर पहिल्या गाडीचे उद्घाटन झाले ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, आणि उतारू बसले ते ७ ऑक्टोबरला. स्थगिती मिळाली त्या दिवसाला बरोबर पाच वर्षे झाली होती. या विलंबाचा बराच भाग या भांडणामुळेच झाला असे मेट्रोच्या बाजूचे लोक म्हणतात, आणि ते खोटे नाही. दोष वाटून देणे हे माझे काम नव्हे. मी माझ्या गावच्या आंब्याकडे पाहून बोलतो आहे. आम्हीही झाड पाडले. पण आमच्या आंब्याला साऱ्या गावाने उन्हात उभे राहून निरोप दिला होता, आणि आमच्यापैकी कोणाला आजतागायत त्या वळणावरून मान खाली घालून जावे लागलेले नाही.

जावईबापू इतका वेळ गप्प होते. गाडीत बसल्यावर ते बोलले.

गाडी खरोखर चांगली आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. फलाट आणि रूळ यांच्यामध्ये काचेची भिंत असते; गाडी थांबल्यावरच तिची दारे उघडतात, त्यामुळे कोणी रुळांवर पडू शकत नाही. आत गारवा असतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सत्तर रुपये पडतात, आणि तासाच्या आत माणूस पोहोचतो. माझ्यासमोर एक वृद्धा भाजीची पिशवी पायांत धरून डुलकी घेत होती. मुंबईत गाडीत बसून डुलकी घेता येते, हे मला नवीनच होते.

जावईबापूंनी सदऱ्याची बाही वर केली. डावा हात कोपराजवळ वाकडा आहे. लग्नाच्या आधी लोकल गाडीच्या दारात लोंबकळत कामावर जात असता गर्दीच्या रेट्याने त्यांचा हात सुटला. गाडीचा वेग नुकताच कमी झाला होता म्हणून जीव वाचला. "माझ्या मागोमाग जो पडला," ते म्हणाले, "तो नाही वाचला. मामा, झाडे मलाही आवडतात. पण त्या मुलाचे नावसुद्धा मला ठाऊक नाही. त्याच्यासाठी कोणी रस्त्यावर उभे राहिले नाही."

यावर मला काय उत्तर देता येणार? मुंबईच्या लोकल गाड्यांच्या मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या एका अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस जण गेले. बाजेवरून फाट्याकडे नेताना गेलेले ते मूल मला आठवले. भाची खिडकीकडे तोंड करून बसली होती, जरी भुयारात खिडकीतून काळोखाशिवाय काही दिसत नाही.

पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे २०१५ सालचे परिपत्रक आपल्या धर्मग्रामातून पुष्कळदा वाचले गेले आहे. पृथ्वीच्या होणाऱ्या हानीबद्दल त्यात जे आहे ते आपण लक्षात ठेवतो. पण त्याच परिपत्रकात त्यांनी शहरांतील सार्वजनिक वाहनांना अग्रक्रम द्यावा असे म्हटले आहे, आणि गर्दीत चिरडून, असुरक्षितपणे प्रवास करावा लागणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही असेही सांगितले आहे, हे आपण विसरतो. माझ्या एका बाजूस भाची आणि दुसऱ्या बाजूस जावईबापू बसले होते. त्या परिपत्रकात दोघांनाही जागा होती.

आरेनंतरचे पहिलेच स्थानक सीप्झ. तेथे निर्यातीच्या मालाचे कारखाने व कचेऱ्या आहेत. आत शिरावयास परवाना लागतो, म्हणून आम्ही उतरलो नाही. परंतु त्या आवारातील एका वास्तूबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. येथे पूर्वी कोंडिविटे गाव होते, आणि येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली बांधलेले संत योहान बाप्तिस्ता यांचे चर्च होते. १८४० च्या सुमारास साथीचा रोग आला, गाव ओस पडले, लोक मरोळला गेले आणि तेथे त्यांनी नवे चर्च उभारले. जुन्या चर्चचे छप्पर गेले. भिंती राहिल्या, आणि भिंतींवर झाडे वाढली. पुढे १९७३ साली सीप्झ झाले तेव्हा ते भग्न मंदिर कुंपणाच्या आत राहिले. मुंबईचे मूळचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, ज्यांची घरची बोली मराठीच आहे, ते वर्षातून एकदा तेथे जमून मिस्सा करतात. भाची एकदा गेली होती. भिंतीतून उतरलेली मुळे आता खांबांचे काम करतात, ती काढली तर भिंत पडेल, असे ती म्हणाली.

मधली स्थानके भराभर गेली. विमानतळ, सांताक्रूझ, धारावी, दादर, वरळी. वर असते तर एकेका ठिकाणी अर्धा तास मोडला असता. गिरगाव व काळबादेवी या जुन्या वस्त्यांखालून गाडी जाताना जावईबापूंनी सांगितले की, या स्थानकांसाठी वरच्या चाळी पाडाव्या लागल्या आणि तेथील कुटुंबांना घरे सोडावी लागली. झाडांसाठी जे भांडले त्यांपैकी किती जण त्यांच्यासाठी भांडले, हे त्यांनी विचारले नाही. पण त्यांच्या आवाजात ते होते.

चर्चगेटला आम्ही वर आलो. सरकता जिना उजेडात येऊन पोहोचला तेव्हा ऊन एकदम अंगावर आले, आणि मला कळले की आता झाड शोधण्यात अर्थ नाही.

या भागातील झाडांची गोष्ट आरेच्या आधीची आहे. स्थानक जमिनीखाली असले तरी ते बांधावयास वरूनच खणावे लागते. स्थानकाच्या लांबीचा प्रचंड खड्डा, यंत्रे उभी करावयास जागा, वाहतूक वळवावयास रस्ता. बोगदा तेवढा झाडांना न दुखावता जातो, स्थानक जात नाही. चर्चगेट, कफ परेड येथील रस्त्यांवरची जुनी झाडे त्यामुळे वाटेत आली. रहिवासी न्यायालयात गेले. २०१७ च्या फेब्रुवारीत तोडीस स्थगिती मिळाली, आणि ५ मे रोजी ती उठली. महामंडळाने पुन्हा झाडे लावण्याची हमी दिली, आणि तिच्यावर देखरेख ठेवण्यासाठी न्यायमूर्तींची समिती नेमण्यात आली. काही झाडे तोडली, काही मुळांसकट उचलून दुसरीकडे लावली. उचललेल्यांपैकी पुष्कळ जगली नाहीत.

आपण शेतकरी माणसे. आपल्याला याचे नवल वाटू नये. भाताचे रोप तरव्यातून उपटून चिखलात लावले तर आठवड्यात माना वर काढते, कारण त्याचे वय महिन्याचे असते. मिरचीचे, वांग्याचेही तसेच. पण पन्नास वर्षांच्या फणसाला कोणी दुसऱ्या परसात नेऊन लावल्याचे ऐकले आहे काय? मोठ्या झाडाची पाणी पिणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात. ती दूरवर, कित्येकदा फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे गेलेली असतात. यंत्राने बुंध्याभोवतीचा गोळा तेवढा उचलला जातो, आणि तोंडे सारी मागे राहतात. वर फांद्या छाटलेल्या, खाली मुळे तोडलेली. असे झाड काही महिने हिरवे दिसते ते स्वतःच्या साठ्यावर. फार काळजी घेतली, तोडण्याआधी महिने न् महिने तयारी केली, तर काही जगतातही. परंतु कागदावर 'पुनर्रोपण' असा शब्द लिहिला म्हणजे झाड वाचले, असे होत नाही.

ओव्हल मैदानाच्या कडेला आम्ही उभे राहिलो. मैदान तसेच आहे. घड्याळाचा राजाबाई मनोरा आहे, उच्च न्यायालयाची इमारत आहे, आणि जी झाडे वाचली ती आहेत. त्यांपैकी एखादे वडिलांचे असेलही. मी जावईबापूंना म्हटले, आपण ते हेच धरू. आणि एका पर्जन्यवृक्षाखाली आम्ही तिघे बसलो. भाचीने डब्यातून चपात्या काढल्या. खाली काळ्या, चपट्या, चिकट शेंगा पडल्या होत्या. त्यांतील एक मी पिशवीत टाकली.

जेवण झाल्यावर स्थानकाच्या बाजूने चालत असता रस्त्याच्या कडेला नवी लावलेली झाडे दिसली. प्रत्येकास बांबूंचा आधार दिलेला, आळी केलेली. मी मोजू लागलो. शेजारी एक पहारेकरी उभा होता. त्याने विचारले, "काका, काय मोजता?"

"झाडे."

त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिले. मी सरकारी माणूस नव्हे अशी खात्री झाल्यावर तो हसला. सातारकडचा होता. म्हणाला, "सकाळी टँकर येतो. पाणी घालतात."

अकरा होती, आणि अकराही जिवंत होती. हे मी अगदी प्रामाणिकपणे नोंदवितो, कारण उणे तेवढे सांगावयाचे आणि बरे तेवढे गाळावयाचे हा अन्याय होईल. आणखी तीस वर्षांनी त्यांच्याखाली सहा माणसांना भाकरीचे गाठोडे सोडता येईल. मात्र टँकर येत राहिला पाहिजे, आणि कोणीतरी मोजत राहिले पाहिजे. न्यायमूर्तींच्या समित्या तीस वर्षे बसत नाहीत. आमच्या गावी तर समितीही नव्हती. आम्हीच वचन दिले होते, आम्हीच राखणार होतो, आणि तरी दहांतील तीनच उरली. पहारेकऱ्याला मी ते सांगितले नाही.

तेथून कुलाब्याच्या पवित्र नावाच्या कॅथेड्रलमध्ये जाऊन गुडघे टेकले. परतताना भाचीने मला थांबविले आणि वर पाहावयास सांगितले. दिवस कलला होता, आणि रस्त्याकडेच्या एका जुन्या झाडाची पाने मिटू लागली होती. जावईबापूही पाहत होते. मग आम्ही जिन्यावरून खाली उतरलो, आणि अंधार पडण्याच्या आत मरोळला पोहोचलोसुद्धा.

घरी परतल्यावर दोन दिवस मी तिठ्यावरील तिन्ही आंब्यांची आळी साफ केली आणि मोकळ्या जागी चौथे रोप लावण्यासाठी खड्डा खणला. मुंबईची शेंगही कोठे तरी रुजवावी असा विचार होता, म्हणून ती अंगणातल्या कट्ट्यावर काढून ठेवली. सायंकाळी पाहतो तो शेळीने ती चावून संपविली होती. ती शेंग गोड असते, आणि जनावरे ती आवडीने खातात, हे वडिलांनी मला सांगितलेच होते.